चुन्याखालचे नाव

क्लेमॉन्स लेमेल जिवंत आणि धडधाकट असताना तिच्या नावाचा क्रूस आमच्या दफनभूमीत रोवला गेला. तो कोणी रोवला हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. सिद्ध मात्र कोणी कधी केले नाही. दर फेब्रुवारीत माझ्या नातीच्या शाळेच्या भिंतीवर मोठमोठ्या पुढाऱ्यांची चित्रे लागतात, गरिबांसाठी आणि आम्हा काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्यांची. यंदा ती घरी येऊन म्हणाली, "आजी, आपल्या गावात असं कोणीच नव्हतं का गं?"

होती. ती लोकांचे कपडे इस्त्री करायची.

क्लेमॉन्सच्या आणि माझ्या अंगणांमध्ये एकच कुंपण होते. बाई उंच, हाडापेराने मोठी, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. नवरा लाकडाच्या गिरणीत अपघातात गेला, मुलगी लग्न होऊन टेक्सासला. दिवसभर तिच्या स्वयंपाकघरातून खळीचा आणि तापल्या कापडाचा वास येई. गावातल्या निम्म्या गोऱ्या घरांचे कपडे तिच्याकडे असत आणि चर्चच्या वेदीवरची कापडेही तीच करी. रविवारी त्याच वेदीपाशी आम्हाला सर्वांत शेवटी जावे लागे, गोरे लोक प्रसाद घेऊन आपल्या बाकांवर परतल्यावर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला या गोष्टीचा फार राग येई. क्लेमॉन्सला येत नसे असे नाही, पण ती म्हणायची, "अगं, टेबलक्लॉथ कोणी इस्त्री केलाय ते वरच्या मालकाला बरोब्बर माहीत असतं. बसू दे त्यांना पुढे."

तिची काम करण्याची एक रीत होती, ती दुसऱ्या कोणात मी पाहिली नाही. ती उभी राहायची. परगण्याच्या कचेरीतून गरिबांना सरकारी पीठ, चीज आणि दुधाची भुकटी मिळत असे. १९६३च्या वसंतात सहा कुटुंबांतले कर्ते लोक मतदार म्हणून नाव घालायला कोर्टात गेले. नाव तर कोणाचे लागले नाहीच. आठवड्याभरात सहाही घरांना जमीनदाराने शेतावरून हाकलले आणि कचेरीने त्यांचे पीठ बंद केले. आमच्या मयत-मंडळाच्या, म्हणजे वर्गणीतून अंत्यविधी करणाऱ्या संस्थेच्या, मालकीची थोडी जमीन दफनभूमीला लागून होती. तिथे तंबू ठोकून ती माणसे राहू लागली.

क्लेमॉन्सने भाषण केले नाही. मंगळवारी ती आपला निळा झगा कडक इस्त्री करून कचेरीत गेली आणि खिडकीसमोर उभी राहिली. संध्याकाळी कचेरी बंद झाल्यावर घरी आली. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेली. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी कारकून वैतागून म्हणाला, "क्लेमॉन्स, ते बाक आहे तिथं. बसून तरी घे."

"नको साहेब," ती म्हणाली, "सुरकुत्या पडतात."

उन्हाळा संपायच्या आत तंबूंत पीठ येऊ लागले. तिने कोणाचे नाव घेतले नाही, कोणाला शिवी दिली नाही, आणि तिथून पुढे गावातल्या गोऱ्यांना तिचे भय वाटू लागले. गावात आमच्याकडे डुक्कर कापले की शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटे घालायची पद्धत आहे. त्या वर्षीपासून पहिला वाटा तंबूंचा, असे तिने ठरवून टाकले आणि कोणी कुरकुर केली नाही. केलीच तर ती त्याच्याही अंगणात उभी राहिली असती.

तेव्हाच तिने ठरवले की टूसांनंतरच्या सोमवारी दहा जणांना घेऊन कोर्टात जायचे आणि नावे घालेपर्यंत तिथून हलायचे नाही. टूसां, म्हणजे सर्व संतांचा सण, त्या वर्षी शुक्रवारी आला होता.

ऑक्टोबरच्या मध्यापासून काहीतरी बदलले. नन्सनी आम्हाला रोजनिशी लिहायला शिकवताना आधी हवा लिहा, मग बाकीचे लिहा, असे सांगितले होते. त्या दिवसांच्या माझ्या पानांवर हवा रोज सारखीच आहे: कोरडी, वारा नाही. बाकीचे मात्र वाढत जाते. आधी बँकेतल्या साहेबांच्या घरून माणूस आला आणि न इस्त्री केलेले कपडे तसेच परत घेऊन गेला. मग डॉक्टरांकडचा आला. आठवडा संपायच्या आत क्लेमॉन्सच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. शेवटी फादरांची स्वयंपाकीण वेदीची कापडे मागायला आली. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"फादर म्हणाले, थोडे दिवस. फक्त थोडे दिवस."

"थोडे दिवस देव चुरगळलेल्या कापडावर जेवणार का?" क्लेमॉन्सने विचारले, पण कापडे घडी घालून दिली.

दुपारच्या वेळी एक राखाडी मोटार आमच्या गल्लीतून जाऊ लागली. ती वेगाने कधी जात नसे. कुंपणापाशी आल्यावर आणखी सावकाश व्हायची, आणि आत बसलेले लोक आमच्याकडे बघतही नसत. ते सरळ पुढे बघत बसलेले असत, मिरवणुकीत असल्यासारखे. माझे यजमान, आनातोल, सुतारकाम करत. त्यांनी क्लेमॉन्सच्या मागच्या दाराला आडणा बसवला. ती हसली. "आडण्यानं काय होणार? त्यांना आत यायचं असेल तर ते पुढच्या दारानं येतील. आपल्यासारखी मागच्या दाराची सवय नाहीये त्यांना."

टूसांच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावात सगळ्यांचे हात पांढरे होतात. प्रत्येक कुटुंब आपापल्या कबरींना चुना फासते, शेवंतीची फुले आणते, मेणात बुडवलेली कागदी फुले करते. संध्याकाळी फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि मग मेणबत्त्या लागतात. एकही कबर अंधारात राहता कामा नये, हा आमचा नेम. ज्यांच्या मागे कोणी उरलेले नाही अशा कबरी आमच्या आणि गोऱ्यांच्या बाजूंमधल्या खंदकाच्या कडेला होत्या, आणि त्यांची काळजी तेओफिल म्हाताऱ्याकडे. त्याला सगळा गाव पारां म्हणायचा, म्हणजे धर्मबाप. इतकी पोरे त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे आता त्याला उजेड तेवढा कळे. तो कबरी हाताने चाचपत जाई आणि चुना फासत असे. खंदकाच्या त्या टोकाला दुसरे कोणी फिरकत नसे.

गुरुवारी क्लेमॉन्स चुना आणायला दुकानात गेली. परत आली ती रिकाम्या हाताने.

"दिला नाही?" मी विचारले.

"दिला नाही. वर म्हणतो कसा, 'तुला चुना कशाला लागतोय क्लेमॉन्स? तुझ्या जागेची सोय झालीये.' आणि मागे बसलेले दोघं हसले." ती थोडा वेळ कुंपणाला धरून उभी राहिली. "कुठली सोय गं? मला तर काही कोणी सांगितलं नाही."

मलाही कळले नाही. मी माझ्या बादलीतला निम्मा चुना तिला दिला.

शुक्रवारी फादर नेहमीप्रमाणे आधी खंदकापलीकडच्या गोऱ्यांच्या कबरींकडे गेले. आमच्या बाजूला येईपर्यंत सूर्य झाडांखाली गेला होता. मी आणि आनातोल माझ्या सासूबाईंच्या कबरीपाशी उभे होतो. क्लेमॉन्स तिच्या नवऱ्याच्या कबरीवर फुले लावत होती. तंबूंतली माणसेही आली होती. त्यांची मेलेली माणसे दूर शेतांवर होती, म्हणून ती इतरांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला मदत करत होती. त्यांतली मिसेस रिडो नावाची बाई खंदकाच्या कडेने चालली होती. ती एकदम थांबली.

"पारां, इकडे ये. तुझा चुना उतरतोय."

पारां काठी टेकत गेला. "कुठला? तो नवा का? अगं, त्याला मी तीन हात दिलेत. लाकूड ताजं आहे, पाइनचं असणार, डिंक सुटतोय. हाताला चिकट लागत होतं." मग त्याने आवाज खाली आणला. "मला वाटलं, तुमच्या तंबूतल्याच कोणाचं तरी पोर असेल. फादरांना द्यायला पैसे नसतील म्हणून गुपचूप पुरलं असेल. म्हणून मी कोणाला विचारलं नाही. लाजवायचं कशाला?"

"आमच्यातलं कोणी गेलेलं नाही, पारां."

मी त्या दोघांच्या मागेच पोचले होते. ताज्या मातीचा उंचवटा होता, माणसाच्या मापाचा. पोराच्या मापाचा नव्हता. वर पांढरा क्रूस. त्याच्या आडव्या फळीवर चुन्यातून तपकिरी डाग वर येत होते. खाली डांबराने लिहिलेले होते; डांबर चुन्याखाली राहत नाही, ते हळूहळू वर येते. मेणबत्ती जवळ नेल्यावर डागांची अक्षरे झाली. आधी नाव कळले, मग आडनाव, मग खाली सोमवारची तारीख.

मी वाचले, पण मोठ्याने नाही. मोठ्याने वाचले ते मिसेस रिडोच्या मुलीने. ती त्या वर्षीच वाचायला शिकली होती.

"काय लिहिलंय?" पारां विचारत राहिला. "काय लिहिलंय गं? कोणाचं आहे ते?"

क्लेमॉन्स आली. तिने हातातली फुले खाली ठेवली नाहीत. ती क्रूसाकडे बघून म्हणाली, "म्हणजे ही सोय." मग आनातोलकडे वळून, "माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत कोणी लिहिलं नव्हतं आजपर्यंत."

"मी उपटून टाकतो," आनातोल म्हणाले.

"राहू दे."

तेवढ्यात खंदकापलीकडून बॅटरीचा झोत आला. शेरीफचा डेप्युटी होता. तो किती वेळ तिथे उभा होता कोण जाणे. मागे ती राखाडी मोटार, दारे उघडी. फादर आमच्याकडे पाठ करून दुसऱ्या कबरीवर पाणी शिंपडत राहिले. त्यांचा हात थांबला नाही, पण प्रार्थना थांबली होती.

"त्या लाकडाला चुना कोणी फासला?" डेप्युटीने विचारले. आवाज चढलेला नव्हता.

त्याने झोत क्रूसावर धरला.

"बुधवारी तिथं लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं. लोकांनी वाचावं म्हणून लिहिलेलं असतं. कोणी पुसलं?"

"साहेब, मी—" पारांने सुरुवात केली.

"टूसां आहे साहेब," क्लेमॉन्स मध्येच म्हणाली. "सगळ्यांनीच चुना फासलाय."

डेप्युटीने झोत आमच्या हातांवर फिरवला. माझ्या, आनातोलच्या, मिसेस रिडोच्या, पोरांच्या. नखांपर्यंत पांढरे हात. झोत पारांच्या हातांपाशी इतरांपेक्षा जरा जास्त थांबला, असे मला वाटले.

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे सगळेच."

बॅटरी विझली. मोटारीची दारे लागली. क्लेमॉन्सने एक मेणबत्ती पेटवली आणि त्या उंचवट्यावर लावली.

"हे काय करतेस?" मी म्हटले. "रिकामी आहे ती!"

"रिकामी असली तरी अंधारात कशी ठेवायची? फादर, एवढी एक राहिली."

फादर आले. त्यांनी पाणी शिंपडले. थेंब चुन्यावर पडले आणि डांबर आणखी वर आले.

शनिवारी क्लेमॉन्सच्या स्वयंपाकघरात माणसे येत-जात राहिली. भिंतीवर येशूच्या हृदयाचे चित्र आणि शेजारी देशाच्या तरुण कॅथलिक अध्यक्षांचे. त्याच महिन्यात आम्हाला त्या दुसऱ्या चित्राला काळी फीत लावावी लागणार होती, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. दहापैकी चार जणांनी येत नाही म्हणून सांगितले. क्लेमॉन्सने त्यांना कॉफी दिली आणि घरच्यांची चौकशी केली. मुलीचा टेक्सासहून निरोप आला होता की बसने निघून ये.

"जा ना," मी म्हटले. "दोन आठवडे जा. त्यांचा राग निवळू दे."

ती कोणाचेही कपडे नसताना इस्त्री तापवत बसली होती. स्वतःचा निळा झगा तिने फळीवर पसरला. "मी गेले तर तारीख टळेल. पण कबर तयार आहे बाई. मला नाही घातलं तर तीत आणखी कोणाला तरी घालतील. मी इथं असले तर निदान त्यांचं लक्ष माझ्याकडे राहील."

तिला मरायचे नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा माणसांबद्दल नंतर भलतेच बोलतात. तिला नातवाचे तोंड बघायचे होते, परसातली रताळी काढायची होती. इस्त्री फिरवताना झग्याच्या कॉलरला तिने आयुष्यात पहिल्यांदा डाग पाडला. तो तिने ब्रोच लावून झाकला.

पारां दाराशी बसला होता. "उद्या देवाला सांगतो, माझ्या डोळ्यांचं काय ते बघ. चांगले असते तर वाचता आलं असतं. तुला बुधवारीच सांगितलं असतं."

"आणि मी बुधवारपासून घाबरले असते," क्लेमॉन्स म्हणाली. "तुझ्यामुळे दोन दिवस सुखाची झोप मिळाली. सोमवारी चल आमच्याबरोबर. एकटा राहू नकोस."

"मी? मी तिथं येऊन काय करू? नाव घालायचं तर ते कागद पुढे ठेवून वाच म्हणतील. मी चाचपून वाचू का? आणि मेणबत्त्यांची टोकं कोण गोळा करणार? दर वर्षी मीच करतो. मेण वाया जातं."

"मंगळवारी कर."

"मंगळवारी उंदीर खातात," पारां म्हणाला. त्याच्याशी वाद घालून कधी कोणी जिंकले नव्हते.

सोमवारी सकाळी क्लेमॉन्स निळ्या झग्यात बाहेर आली तेव्हा तिला सहा माणसे दिसतील असे वाटले होते. गल्लीच्या टोकापर्यंत माणसे होती. तंबूंतल्या सगळ्या बाया होत्या, येत नाही म्हणालेले चौघे होते, आनातोल होते, मी होते. अनेकांच्या नखांतला चुना अजून निघाला नव्हता.

"एवढे सगळे कशाला?" क्लेमॉन्स म्हणाली.

मिसेस रिडोने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "तो डेप्युटी सगळेच म्हणाला ना? मग घरी बसून कोणाचा जीव वाचणार आहे?"

आम्ही कोर्टात गेलो आणि उभे राहिलो. नोंदणीच्या खोलीचे दार आधी उघडे होते, मग ते आतून लागले. जिन्यावर, व्हरांड्यात, बाहेर ओकच्या झाडांखाली आम्ही उभे. लोक खिडक्यांतून बघत होते. मला सारखे वाटत होते की आता होईल, आता कोणीतरी पुढे येईल. कोणी आले नाही. डेप्युटी दिसला नाही. राखाडी मोटार दिसली नाही. कोणी शिवीदेखील दिली नाही. दुपारनंतर क्लेमॉन्स माझ्या कानाशी म्हणाली, "ते सगळे कुठायत?" आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

आम्ही परत येताना ती जवळजवळ धावत होती. ती घराकडे वळली नाही, दफनभूमीकडे वळली.

कबरींवर मेणबत्त्यांची टोके तशीच होती. अर्ध्या रांगेची गोळा केलेली होती, पुढची नव्हती. खंदकाच्या कडेला, त्या क्रूसापाशी, पारांची बादली होती. चुना घट्ट झाला होता आणि त्यात कुंचला उभाच्या उभा रुतला होता. क्रूसाच्या आडव्या फळीवर चौथा हात नुकता सुरू केलेला दिसत होता; नावाची पहिली अक्षरे झाकली होती, बाकीची उघडी. तिच्या नावावर त्याला ते डांबर राहू द्यायचे नव्हते, एवढेच असणार. उंचवटा विस्कटलेला नव्हता. काठी कुठेच नव्हती.

आमच्या पुरुषांनी बायू, म्हणजे गावालगतचा संथ ओढा, गळ टाकून विंचरला, पार पुलाखालपर्यंत. शेरीफच्या कचेरीत सांगितले की आंधळा म्हातारा होता, पाण्यात पडला असेल, सुसरी असतात. आनातोलनी त्यांना विचारले, तो पाण्यावर गेला तर बादली क्रूसापाशीच कशी राहिली? पारां तेओफिल सापडला नाही, आजपर्यंत नाही.

दोन वर्षांनी कायदा बदलला आणि क्लेमॉन्सचे नाव मतदारांच्या यादीत लागले. पुढेही ती उभी राहिली: शाळेसाठी, दवाखान्यासाठी, तंबूंतल्या माणसांना पक्की घरे मिळेपर्यंत. राखाडी मोटार आणखी काही वर्षे गल्लीतून जात होती. ती आली की क्लेमॉन्स मुद्दाम व्हरांड्यात येऊन उभी राहायची, पण हसायची नाही, विनोद करायची नाही. विनोद तिने त्या सोमवारनंतर कमीच केले.

तो क्रूस तिने काढू दिला नाही. दर टूसांला ती स्वतः त्याला चुना फासत असे आणि दर वर्षी संध्याकाळपर्यंत तिचे नाव वर येई. म्हातारपणी आजारी पडली तेव्हा तिने आनातोलना बोलावले. तिला नवऱ्याशेजारी पुरायचे, त्या जागेत नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. "आणि त्या क्रूसाच्या फळीवर पारांचं नाव कोरा," ती म्हणाली. "रंगवू नका. कोरा. त्याला चाचपून वाचता आलं पाहिजे."

आनातोलनी कोरले. आता तेही नाहीत, आणि खंदकाच्या त्या कडेचा चुना मी करते, नातीला बरोबर घेऊन. गेल्या टूसांला तिने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "आजी, इथं कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटले.

मेणबत्ती लावेपर्यंत तेओफिलच्या नावाखालून दुसरे नाव तपकिरी होऊन वर यायला लागले होते.